हेराल्ड-स्पिटफायरच्या पुढच्या चाकांतले आवाज: रॅक बदलण्याआधी हे तपासा

स्टिअरिंग वळवले की पुढून ‘टक्’, खड्ड्यात ‘खड्’, आणि सावकाश वळताना जुने दार कुरकुरावे तसा ‘कर्रर्र’. टाय रॉडचे, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीचे, एंड बदलले, पंधरा दिवस गाडी गप्प राहिली, सोळाव्या दिवशी पुन्हा तेच. स्टँडर्ड हेराल्ड, गॅझेल किंवा ट्रायम्फ स्पिटफायर बाळगणाऱ्यांची तक्रार साधारण याच शब्दांत येते. गॅरेजमधले उत्तरही ठरलेले असते: ‘रॅक गेलाय.’ रॅक म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे दोन्ही चाकांकडे पोचवणारी, नळीतली दातेरी दांडी. बहुतेक वेळा रॅक गेलेला नसतो. पुढच्या चाकांपाशी कुठेही ठोका पडला तरी तो टाय रॉडमधून रॅकच्या नळीत येतो आणि कॉलमवाटे तळहातात उतरतो. म्हणून हाताला प्रत्येक आवाज रॅकचाच वाटतो.

या गाड्या एकत्र घ्यायचे कारण साधे आहे. हेराल्ड १९५९ ची, स्पिटफायर १९६२ ते १९८० पर्यंतची, दोन्हींची रेखा जोव्हान्नी मिकेलोत्तीची. १९६१ पासून हेराल्ड मद्रासला बनू लागली. पुढच्या सस्पेन्शनची मांडणी एकच: वर-खाली दोन आर्म, मध्ये स्प्रिंगसकट शॉकअप, वर बॉल जॉइंट, खाली पितळी ट्रनियन आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग. स्पिटफायरला पुढे डिस्क ब्रेक, आपल्याकडच्या हेराल्डला ड्रम, एवढाच लक्षात ठेवण्याजोगा फरक. त्यामुळे खालचे सगळे दोन्हींना लागू.

पान्यांबद्दल आधीच सांगतो. या गाड्यांचे बोल्ट इंची आहेत. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना चालवला की नटाचे कोपरे गेलेच. ३/४ ला १९ चा आणि ५/८ ला १६ चा पाना निभावून जातो, बाकी ठिकाणी इंची सेटच हवा.

आवाज कधी येतो, ते आधी कागदावर लिहा

चार प्रश्न पुरतात. गाडी उभी असताना नुसते स्टिअरिंग हलवले तर येतो का? फक्त पूर्ण वळवल्यावर येतो का? ब्रेक लावताना येतो का? एकच चाक स्पीडब्रेकरवर चढले की येतो का? यांची उत्तरे मिळाली की निम्मी गाडी संशयातून सुटते.

उभ्या गाडीत स्टिअरिंग थोडे हलवताच ‘टक्’ येत असेल तर टाय रॉड एंड, रॅकचे रबर माउंटिंग, कॉलमची कपलिंग यांपैकी काहीतरी. ब्रेक लावतानाच एकदा ‘ठक्’ येत असेल तर खालच्या आर्मचे बुश, चेसिसवरच्या ब्रॅकेटचे बोल्ट किंवा स्पिटफायरमध्ये कॅलिपरचे बोल्ट. एका चाकाच्या उंचवट्यावर आवाज येत असेल तर अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचे झुकणे कमी करणाऱ्या दांडीच्या) लिंक किंवा शॉकअपचे वरचे रबर. सावकाश वळताना कण्हल्यासारखा आवाज, स्टिअरिंग जड, आणि वळण संपल्यावर ते आपोआप सरळ येत नाही, ही ट्रनियनची लक्षणे. ट्रनियनकडे नंतर सविस्तर येऊ, कारण तिथे बिघाड झाला तर थेट जिवाशी गाठ असते.

एक सूचना मात्र आत्ताच. पोर्चमध्ये शहाबादी फरशी असेल तर जागच्या जागी स्टिअरिंग वळवताना टायर फरशीवर घासून चिरकतो. तो दोष नव्हे. चाकाखाली दुमडलेले पोते ठेवा आणि मग ऐका.

दोन माणसांची तपासणी

या गाड्यांचा एक मोठा गुण म्हणजे बॉनेट. पंखांसकट सगळे बॉनेट पुढे उलटते आणि पुढचे सस्पेन्शन ताटात वाढल्यासारखे समोर येते. इंजिन बंद, चाके जमिनीवर. एकाने आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे जेमतेम दोन-तीन बोटे हलवत राहायचे, जोर करायचा नाही. दुसऱ्याने एकेका सांध्यावर तळहात टेकवत जायचे: टाय रॉड एंड, रॅकच्या दोन्ही बाजूंची माउंटिंग, कॉलमची कपलिंग, बॉल जॉइंट. ढिला सांधा हाताला टिचकी मारतो. कान फसतो, हात फसत नाही. तरीही खात्री होत नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक सांध्यावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवा. पंखा आणि पट्टा यांच्यापासून हात लांब हवेत, म्हणून हे सगळे इंजिन बंद ठेवूनच.

रॅक पाहताना एकच गोष्ट पाहा: स्टिअरिंग हलवताना रॅकची नळी स्वतः चेसिसवर डावी-उजवीकडे सरकते का. रॅक यू-बोल्टने रबरी बुशांवर बसवलेला असतो. इंजिनचे तेल वरून ठिबकत राहिले की ते रबर फुगते आणि मऊ पडते. नळी डोळ्यांना सरकताना दिसली की रबर बदलायचे; नट आणखी आवळून ती थांबत नाही. नवे रबर बसवताना यू-बोल्ट बाहेरच्या बाजूला ताणून धरावे लागतात, म्हणजे रबर दाबले जाते, आणि मगच नट कसायचे. नुसते टाकून कसले तर रॅक महिन्याभरात पुन्हा सरकू लागतो. ‘नवीन माउंटिंग टाकूनही आवाज गेला नाही’ या तक्रारीमागे बहुधा हीच घाई असते.

आता जॅक लावून गाडी पुढून उचला. स्टँड चेसिसच्या मुख्य पट्टीखाली ठेवा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणीही खाली झोपू नये. चाके लोंबकळू द्या. या गाड्यांत चाक लोंबकळताना स्प्रिंगचा जोर शॉकअपच्या आतच अडतो आणि सांध्यांवर ताण राहत नाही, त्यामुळे ढिलाई, म्हणजे प्ले, स्वच्छ कळते.

चाक घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा. इथे प्ले असेल तर टाय रॉड एंड, रॅकच्या आतले बॉल जॉइंट किंवा रॅक. मग १२ आणि ६ वर धरा. इथे प्ले असेल तर हब बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा ट्रनियन. यांपैकी नेमके कोण, ते ठरवायला आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबताच प्ले गायब झाला तर बेअरिंग. राहिला तर बॉल जॉइंट किंवा ट्रनियन. ही दहा सेकंदांची चाचणी न करता बेअरिंगचे सेट बदलले जातात, याचे नवल वाटते.

बेअरिंगच्या बाबतीत ढिलाई थोडी हवीच असते. हबमध्ये टेपर रोलर आहेत आणि त्यांना ०.०५ ते ०.२ मिमी इतका प्ले ठेवायचा असतो. चाक फिरवत नट हलका आवळा, मग एक पैलू मागे घ्या, नवी स्प्लिट पिन टाका. ‘घट्ट केले म्हणजे पक्के’ या समजुतीने आवळलेले बेअरिंग सोलापूरहून पुणे रोडवर टेंभुर्णी येईपर्यंत हात लावू देणार नाही इतके तापते. हबच्या टोपीत ग्रीस कोंबू नका. ते तापून ब्रेकच्या बाजूला उतरते. बेअरिंग खराब झाल्याची खूण निराळी आहे: घरघर वेगाबरोबर वाढते, आणि गाडी डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर गेले की उजवे बेअरिंग जास्त बोलते.

रॅक की ट्रनियन: टाय रॉड सोडवून पाहा

कण्हणारा आवाज आणि जड स्टिअरिंग यांचा निकाल लावायला दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड स्टिअरिंग आर्मपासून सोडवा. नट काढून एंडवर हातोडा हाणू नका, आटे फुगतात. स्टिअरिंग आर्मच्या ज्या डोळ्यात टेपर बसतो त्याच्या एका बाजूला जड हातोडा धरा आणि समोरच्या बाजूला दुसऱ्याने एकच कडक ठोका द्या, टेपर सुटतो.

आता स्टिअरिंग फिरवा. चाके जोडलेली नाहीत, त्यामुळे फिरतो तो फक्त रॅक आणि कॉलम. मग प्रत्येक चाक हाताने पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे फिरवा. ते एकसारखे, मऊ फिरायला हवे. कुठे अडत असेल, पायरी लागल्यासारखे वाटत असेल किंवा ‘कर्रर्र’ येत असेल, तर दोषी तिथे आहे आणि रॅक निर्दोष सुटला.

रॅकच दोषी निघाला तरी लगेच नवा घेऊ नका. पिनियनच्या (रॅकच्या दातांत बसणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) समोर स्प्रिंग, प्लंजर आणि वर टोपी असते. मध्ये शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात. स्प्रिंग काढून टोपी हाताने प्ले जाईपर्यंतच आवळा, टोपी आणि बॉडी यांतली फट फीलर गेजने मोजा, त्यात ०.१ मिमी मिळवा आणि तेवढे शिम टाका. पण रॅकचे दात मध्यभागी सर्वांत जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. मध्यावर घट्ट केलेला रॅक टोकांना अडकत असेल तर झीज शिमच्या पलीकडे गेली आहे. तसा अडकणारा रॅक चालवायचा नाही. ग्रीस टोपीवरच्या प्लगच्या जागी निपल लावून द्यायचे, आणि गनचे पाच दट्टेच. त्याहून जास्त दिले तर रबरी बूट फुगून फाटतात, आणि मग धूळ आत जाते.

ट्रनियन

खालच्या आर्मच्या टोकाला पितळी ट्रनियन एका आडव्या बोल्टवर झुलतो. त्यात व्हर्टिकल लिंकचे, म्हणजे ज्या उभ्या पोलादी खांबावर चाक बसते त्याचे, खालचे टोक आट्यांनी बसवलेले असते. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा तो खांब ट्रनियनमध्ये बोल्ट नटात फिरावा तसा फिरतो. बेअरिंग नाही, बॉल नाही. पोलाद पितळात फिरते आणि दोहोंमध्ये असते फक्त तेल.

तेल म्हणजे ९० नंबरचे गिअर ऑइल. ग्रीस नव्हे. आपल्याकडे निपल दिसले की ग्रीस गन लावायची सवय आहे, आणि याच सवयीने या गाड्यांचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे. ग्रीस आट्यांच्या फटींतून खालवर पसरत नाही. वाटेत अडते, काही महिन्यांत साबणाच्या वडीसारखे घट्ट होते, आणि त्याच्या आडून शिरलेले पाणी तिथेच राहते. पितळाला काही होत नाही. पोलादी आट्यांवर गंजाचे खड्डे पडतात, नेमक्या त्या जागी जिथे पूर्ण वळवलेल्या चाकाचा पीळ एकवटतो. मग एके दिवशी गाडी पार्क करताना किंवा गल्लीच्या तोंडाशी वळताना लिंक वरच्या आट्यापाशी मोडते आणि चाक आडवे पडते. वेग कमी असतो म्हणून माणूस वाचतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ८० च्या वेगात हेच झाले तर काय, याचा विचार करून पाहा.

सोलापूरच्या हवेत दोन गोष्टींची भर पडते. मार्च ते मे पारा चाळिशीपार, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये महिनोन्महिने उभी. तेल पातळ होऊन ट्रनियनच्या तळाच्या झाकणातून झिरपून जाते आणि आटे कोरडे पडतात. पुढे जूनमध्ये काळ्या मातीचा चिखल ट्रनियनच्या वरच्या रबरी सीलभोवती बसतो. वाळला की विटेसारखा कडक, पण आतून ओल धरून. पावसाळ्यानंतर ही जागा ब्रशने आणि पाण्याने साफ करून मगच तेल द्या. आधी तेल दिले तर चिखल आत ढकलला जातो.

तेल देण्याची रीत अशी. चाके जमिनीपासून उचललेली. ट्रनियनचा प्लग काढा, निपल लावा, ऑइल गनने तेल द्या. ऑइल गन नसेल तर साफ धुतलेल्या ग्रीस गनमध्ये तेल भरले तरी चालते. ती गळते, खाली ताट ठेवा. तेल देत असताना दुसऱ्याने चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचे. वरच्या सीलखालून तेल पाझरू लागले की थांबा. पाझरणारे तेल काळे असेल तर ठीक. विटकरी, पाणीदार असेल तर आत गंज आहे आणि ट्रनियन उघडणे भाग आहे. तेल आतच जात नसेल तर जुने ग्रीस अडले आहे, तेव्हाही उघडायचेच. हे काम दर सहा महिन्यांनी किंवा ५,००० किमीला, जे आधी येईल तेव्हा करा. वर्षातून चारदाच बाहेर पडणाऱ्या गाडीलाही सहा महिनेच.

उघडताना स्पिटफायरमध्ये कॅलिपर काढून तारेने वर बांधा. ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. आडवा बोल्ट आतल्या स्टीलच्या स्लीव्हमध्ये गंजून एकजीव झालेला असतो. तेल मारून रात्रभर ठेवा. तरीही न निघाल्यास आर्म आणि ट्रनियन यांच्या फटीत हॅकसॉचे पाते घालून दोन्हीकडून कापा. हातोड्याने आर्मचे कान वाकवण्यापेक्षा नवा बोल्ट स्वस्त. ट्रनियन फिरवून उतरवा. डाव्या-उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलटे आहेत, तेव्हा निघत नाही म्हणून जोर लावण्याआधी आपण सोडवतो आहोत की आवळतो आहोत ते पाहा. लिंकचे आटे रॉकेलमध्ये धुवा, उजेडात धरा आणि वरच्या पहिल्या दोन-तीन आट्यांवरून नख फिरवा. नख खड्ड्यात अडकले तर ती लिंक भंगारात.

इथे एक मोह होतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग घडवणारे टर्नर हाताने पक्के आहेत. स्टीलची स्लीव्ह, स्पेसर, गनमेटलचा बुश त्यांच्याकडून निर्धास्त करून घ्या. पण लिंकवर वेल्डिंग भरून नवे आटे पाडून घेऊ नका, कितीही सफाईदार दिसले तरी. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याच्या कडेचे पोलाद ठिसूळ होते, आणि ती कड नेमकी मोडण्याच्या जागी येते.

जोडताना ट्रनियन पूर्ण आत फिरवा आणि मग काम करण्याजोग्या पहिल्या स्थितीपर्यंत मागे घ्या. हे एका फेऱ्याच्या आतच येते. मग चाक दोन्ही टोकांना फिरवून कुठे अडत नाही ना, ते पाहा. नायलॉनचे बुश, स्लीव्ह आणि सील एकत्रच बदला.

आवाज परत का येतो

सर्वांत जास्त आढळणारे कारण कामाच्या क्रमात आहे. आर्मचे रबरी बुश आतल्या नळीला चिकटलेले असतात. आर्म हलतो तेव्हा रबर पिळते. चाके लोंबकळत असतानाच बोल्ट कसले तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते. ते कुरकुरते आणि काही महिन्यांत फाटते. बोल्ट नुसते अडकवून ठेवा, गाडी खाली घ्या, पुढच्या दोन्ही सीटवर माणसे बसवा, गाडी पुढेमागे ढकलून बसू द्या आणि मग कसा. खाली पोचायला अवघड जाते, मान्य आहे. चारही चाकांखाली फळ्या घातल्या तर पाना फिरवायला जागा मिळते.

पॉलीयुरेथेनचे बुश घातले असतील तर ते कोरडे बसवल्यामुळे किंचाळतात. सिलिकॉन ग्रीस लावून पुन्हा बसवा. रबरी बुशांवर इंजिन ऑइल मारून आवाज बंद करण्याचा उपाय आठवडाभर टिकतो आणि रबर खातो.

आर्मचे ब्रॅकेट चेसिसपासून काढले असतील तर त्यांच्यामागचे शिम मोजून, बाजूनिहाय लिहून ठेवा. ते हरवले की अलाइनमेंट बिघडते आणि टायरच आवाज करू लागतो. स्प्रिंग शॉकअपवरून उतरवायची असल्यास कॉम्प्रेसरशिवाय वरचा नट सोडू नका. दोरी, साखळी, दोन माणसांचे वजन हे उपाय दवाखान्यात नेतात. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्रच बाहेर येतात, ते तसेच काढावे.

अँटी-रोल बारचा संशय असेल तर दोन्ही लिंक सोडून होटगी रोडपर्यंत हळू चालवून या. आवाज गेला तर लिंक किंवा रबर. गाडी वळणावर जास्त झुकेल, वेग ठेवू नका.

रॅकच्या नावावर खपणारे इतर आवाज

स्टिअरिंग सरळ येताना दरवेळी एकच हलकी ‘टिक्’ येत असेल तर ती इंडिकेटर परतवणारी खुंटी आहे. दुरुस्तीची गरज नाही. कॉलममध्ये घासल्यासारखा आवाज असेल तर आतला बुश झिजला आहे. खालच्या रबरी कपलिंगवरून एक अर्थिंगची तार जाते. हॉर्न अधूनमधून वाजत नसेल आणि स्टिअरिंगमध्ये ‘टक्’ही असेल, तर पहिल्यांदा तिथे पाहा, दोन्ही तक्रारींचे मूळ एकाच कपलिंगमध्ये असू शकते.

पूर्ण वळवल्यावरच घासण्याचा आवाज येत असेल तर टायर पाहा. या गाड्या फारच तोकड्या जागेत वळतात, हेराल्ड २५ फुटांत, स्पिटफायर २४ फुटांत. साखर पेठेच्या गल्लीत हा गुण कामाला येतो, पण रुंद टायर घातले की ते वळताना अँटी-रोल बारला लागतात. टायरच्या आतल्या कडेवर चकाकणारी रेघ दिसते. तारांची चाके असतील आणि सावकाश जाताना प्रत्येक फेऱ्याला ‘कट्’ येत असेल तर हबच्या खाचा कोरड्या पडल्या आहेत किंवा झिजल्या आहेत. चाक काढा, खाचा पुसा, ग्रीस लावा. खाचांची टोके करवतीसारखी धारदार झाली असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलायचे. एकच बदलले तर जुने नव्याला खाते.

आणि बॉनेट. खड्ड्यात पुढून खडखडते, पण सस्पेन्शनमध्ये काहीच सापडत नाही, तेव्हा बॉनेटची बाजूची कडी आणि मागच्या कडेला टेकणारे रबरी शंकू पाहा. उन्हाने ते आक्रसून कडक होतात आणि एवढे मोठे बॉनेट बल्कहेडवर आपटत राहते. शंकूवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दुमडून बांधा, कडी लावा आणि त्याच खड्ड्यावरून पुन्हा गाडी न्या.